जुन्या गाडीचे ‘मिसिंग’ आणि बदनाम ऑक्सिजन सेन्सर

अमर महल चौकात किंवा शीव-ट्रॉम्बे मार्गावरील सिग्नलला उभी असलेली एखादी जुनी पेट्रोल मोटार मधूनच हिसका देते, स्टीअरिंग हातात थरथरू लागते आणि सिग्नल सुटल्यावर गाडी ओढत नाही. गॅरेजच्या भाषेत याला ‘मिसिंग’ म्हणतात. त्याच सुमारास डॅशबोर्डवरील इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवाही लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, पडद्यावर ऑक्सिजन सेन्सरशी संबंधित एखादा कोड उमटतो आणि काही हजार रुपये मोजून नवा सेन्सर बसवला जातो. दिवा दोन-चार दिवस विझतो आणि पुन्हा लागतो. जुनी गाडी बाळगणाऱ्या अनेकांच्या परिचयाचा हा क्रम आहे. यात चूक स्कॅनरची नसते. त्याने दिलेल्या माहितीचा अर्थ लावण्यात गफलत होते.

ऑक्सिजन सेन्सर ही सायलेन्सरच्या पाइपात, इंजिनाच्या जवळ बसवलेली अंगठ्याएवढी वस्तू. बॉश कंपनीने विकसित केलेला हा सेन्सर १९७६ मध्ये सर्वप्रथम व्होल्वोच्या मोटारीत आला. त्याच्या टोकाशी झिर्कोनियाचे आवरण असते. सुमारे ३०० अंश सेल्सियसपेक्षा अधिक तापले की ते बाहेरची हवा आणि धूर यांतील प्राणवायूच्या फरकानुसार अल्पसा विद्युतदाब निर्माण करते. धुरात प्राणवायू कमी, म्हणजे पेट्रोल जास्त असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, प्राणवायू जास्त, म्हणजे पेट्रोल कमी असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट. इंजिनाचा संगणक हा आकडा पाहून पेट्रोल किंचित वाढवतो किंवा घटवतो. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा हे प्रमाण साधण्यासाठी ही ओढाताण अखंड चालू असते. त्यामुळे निरोगी सेन्सरचा आकडा कधीही स्थिर नसतो, तो सतत वरखाली होत राहतो.

मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना १९९५ पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पुढे कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय इंजिने आली आणि २००५ पासून मुंबईत भारत स्टेज-३, तर २०१० पासून स्टेज-४ मानके लागू झाली. आज ‘जुनी’ म्हणून चेंबूरच्या सोसायट्यांत उभी असलेली झेन, सँट्रो, वॅगन-आर किंवा एस्टीम याच काळातील आहे.

आता मूळ गुंता. चार सिलिंडरच्या इंजिनात दर मिनिटाला ८०० फेरे होत असताना प्रत्येक सिलिंडरमध्ये ४०० वेळा ठिणगी पडून मिश्रण जळते. समजा, एका सिलिंडरचा प्लग निकामी झाला. मग मिनिटाला ४०० वेळा न जळलेले पेट्रोल आणि त्याच्यासोबतची हवा जशीच्या तशी सायलेन्सरमध्ये जाते. सेन्सरला पेट्रोल ‘दिसत’ नाही. त्याला फक्त प्राणवायू कळतो. न वापरलेला हा सारा प्राणवायू पाहून तो ‘पेट्रोल कमी पडते आहे’ असा संदेश देतो. संगणक त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवतो, तेही बहुधा केवळ दोषी सिलिंडरला नव्हे, तर चारही सिलिंडरना. परिणामी धडधाकट सिलिंडरचे प्लगही काळवंडतात, ॲव्हरेज कोसळते आणि पेट्रोलचा वास येऊ लागतो. स्कॅनरवर मात्र पी०१७१ हा ‘मिश्रणात पेट्रोल कमी’ असल्याचा कोड झळकतो. सेन्सरने खोटे काहीच सांगितलेले नसते.

भारतात मिसफायरवर लक्ष ठेवणारी ओबीडी-२ प्रणाली बीएस-४ मोटारींना एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झाली. अशा गाडीत क्रँकशाफ्टच्या वेगातील सूक्ष्म चढउतारांवरून कोणता सिलिंडर चुकला हे संगणकाला कळते आणि पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी कोड येतो. शेवटचा अंक सिलिंडरचा. त्याआधीच्या अनेक गाड्यांत ही सोयच नाही. तिथे घोटाळा एका सिलिंडरचा असला, तरी बोलणारा एकटा ऑक्सिजन सेन्सर असतो आणि जो बोलतो त्याच्याच माथी दोष मारला जातो.

म्हणूनच तपासाची सुरुवात सेन्सरपासून नव्हे, तर ठिणगीपासून व्हायला हवी. ती स्वस्तही पडते. चारही प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवले तर इंजिनाची निम्मी कहाणी समोर येते. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला, पेट्रोलचा वास मारणारा प्लग म्हणजे ठिणगी पडलेली नाही. तेलकट काळा असेल तर पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल वर येत आहे. चारपैकी एकच प्लग वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरपुरता. चारही सारखेच काळे असतील, तरच सेन्सर किंवा पेट्रोलच्या दाबाकडे वळण्यात अर्थ आहे.

ज्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे, तिथे संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहावी. दोष तिच्यासोबत सरकला, तर गुन्हेगार सापडला. दोन सिलिंडरना एकच कॉइल असलेल्या जुन्या रचनेत पहिला-चौथा किंवा दुसरा-तिसरा अशी जोडी एकदम मिस मारत असेल, तर प्लगऐवजी कॉइलवर संशय घ्यावा. पावसाळ्यात हा त्रास वाढतो. पोस्टल कॉलनीसारख्या सखल भागात साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर किंवा नुसती रात्रभर भिजल्यावर सकाळी मिसिंग सुरू झाले आणि इंजिन तापल्यावर थांबले, तर प्लगच्या वायरींना किंवा कॉइलच्या रबरी टोप्यांना तडे गेले असण्याची शक्यता दाट असते. अंधारात इंजिन चालू ठेवून दुरून पाण्याचा हलका फवारा मारला, तर तड्यांतून निसटणाऱ्या निळ्या ठिणग्या दिसतात. हात मात्र लांबच ठेवावा. तिथे हजारो व्होल्टचा दाब असतो.

चालू इंजिनाच्या प्लगची वायर उपटून कोणता सिलिंडर ‘मेला’ आहे हे पाहण्याची रस्त्याकडेच्या गॅरेजची जुनी रीत अजूनही दिसते. प्रीमियर पद्मिनीला ती चालत होती, कारण तिला ना संगणक होता, ना कन्व्हर्टर. एमपीएफआय गाडीत तिने कॉइल जळू शकते आणि न जळलेले पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाते. त्याऐवजी इंजेक्टरचा प्लास्टिकचा सॉकेट काढला, की त्या सिलिंडरचे पेट्रोलच बंद होते. सॉकेट काढूनही इंजिनाच्या आवाजात फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता.

ठिणगी ठीक असेल, तर हवेकडे पाहावे. रबरी व्हॅक्यूम पाइप वयोमानाने कडक होऊन चिरतात आणि मोजमापाबाहेरची हवा आत येते. स्कॅनरवर संगणक किती टक्के जादा पेट्रोल देतो आहे हे दिसते. साधारण १० टक्क्यांपर्यंतची दुरुस्ती नेहमीची मानतात. हा आकडा गाडी उभी असताना जास्त आणि २,५०० फेऱ्यांवर नेहमीसारखा होत असेल, तर हवेची गळती समजावी. उलट जोर देताना तो वाढत जात असेल, तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर तपासावा. आणखी एक फसवी जागा म्हणजे सेन्सरच्या आधीचा सायलेन्सरचा जोड. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तो गंजतो, तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर पुन्हा ‘पेट्रोल कमी’ असे सांगतो. थंड इंजिन सुरू करताना येणारा टिकटिक आवाज ही त्याची खूण.

अलीकडे यात इंधनाची भर पडली आहे. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलमध्ये स्वतःचाच प्राणवायू असल्याने या मिश्रणाला हवा कमी लागते; १४.७ ऐवजी सुमारे १३.५ भाग. म्हणजे तेवढ्याच हवेला शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साधारण नऊ टक्के इंधन जास्त द्यावे लागते. ठणठणीत गाडीचा संगणक हे निभावून नेतो. ज्या गाडीत आधीच एखादा पाइप चिरलेला आहे, तिथे मात्र दिवा लागायला एवढे निमित्त पुरते.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. वायू पेटवण्यासाठी ठिणगीला जास्त दाब लागतो, म्हणून पेट्रोलवर कसाबसा चालणारा प्लग सीएनजीवर मिस मारू लागतो. शिवाय कोरड्या इंधनाने व्हॉल्व्हच्या बैठका झिजून टॅपेटमधील फट कमी होते आणि कॉम्प्रेशन घसरते. केवळ सीएनजीवर मिसिंग असेल तर आधी प्लग, नंतर टॅपेट. सेन्सर सर्वात शेवटी.

अर्थात सेन्सर खरोखरच खराबही होतो. हीटर असलेला सेन्सर साधारण एक लाख ते दीड लाख किलोमीटर टिकतो. इंजिनात ऑइल जळत असेल, हेड गॅस्केटमधून कूलंट गळत असेल किंवा चुकीचे सिलिकॉन सीलंट वापरले असेल, तर त्याआधीच त्याचा बळी जातो. परीक्षा साधी आहे. इंजिन पूर्ण तापवून २,५०० फेऱ्यांवर ठेवावे आणि व्होल्टचा आकडा पाहावा. तो काही सेकंदांत अनेकदा वरखाली व्हायला हवा. ॲक्सिलरेटर झटक्यात दाबल्यावर ०.८ च्या वर आणि व्हॅक्यूम पाइप सैल केल्यावर ०.२ च्या खाली जात असेल, तर सेन्सर जिवंत आहे. ०.४५ च्या आसपास अडकून राहिला, तर तो मेला किंवा त्याची वायर तुटली. पी०१३५ हा कोड त्याच्या हीटरचा. इथे हीटरची वायर आणि फ्यूज पाहून सेन्सर बदलणे रास्त ठरते.

बिघाड तसाच ठेवण्याची किंमत कन्व्हर्टरला मोजावी लागते. न जळलेले पेट्रोल आत जाऊन जळते, तापमान हजार अंशांच्या वर जाऊ शकते आणि प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप दिलेली जाळी वितळून सायलेन्सर तुंबतो. या धातूंमुळे नवा कन्व्हर्टर सेन्सरपेक्षा कितीतरी महाग पडतो. म्हणूनच ओबीडी-२ गाड्यांत असा घातक मिसफायर होताच दिवा लुकलुकू लागतो. तेव्हा गाडी न दामटता बाजूला घेणे शहाणपणाचे. कन्व्हर्टर काढून नुसता पाइप जोडण्याचा किंवा दिव्याचा बल्बच काढण्याचा ‘उपाय’ काही ठिकाणी सुचवला जातो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या सुधारणेनंतर प्रदूषण मानकांच्या भंगासाठी १० हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

तपासाचा एक पुरावा बहुतेकांच्या गाडीतच पडून असतो, तो म्हणजे पीयूसी प्रमाणपत्र. ‘पास’ हा शब्द पाहून ते खणात जाते. त्यावरील आकडे कोणी वाचत नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांसाठी बीएस-४ पेट्रोल मोटारींची मर्यादा ०.३ टक्के आणि २०० पीपीएम, तर बीएस-२ व बीएस-३ मोटारींची ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम आहे. हायड्रोकार्बन चढलेले पण कार्बन मोनॉक्साइड कमीच असेल, तर कुठेतरी पेट्रोल न जळता बाहेर पडते आहे, म्हणजे ठिणगीचा किंवा हवेच्या गळतीचा दोष. कार्बन मोनॉक्साइड चढलेला असेल, तर पेट्रोल जास्त पडते आहे. तिथे सेन्सरवर संशय घेण्यास जागा आहे. मागची दोन-तीन प्रमाणपत्रे शेजारी ठेवली, तर बिघाड कधीपासून वाढत गेला हेही दिसते.

पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या एमएच-०३ क्रमांकाच्या गाड्यांना वडाळ्याच्या परिवहन कार्यालयात नोंदणी नूतनीकरणासाठी जावे लागते, तेव्हा हा हिशेब अधिकच टोचतो. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. २० वर्षांवरील मोटारींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आले. त्यापूर्वी दुरुस्ती उरकून पीयूसी काढायची असेल, तर गाडी घरून थेट कोपऱ्यावरच्या केंद्रात नेऊ नये. कन्व्हर्टर सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम सुरू करत नाही. वाशीपर्यंत एक फेरी मारून, इंजिन बंद न करता चाचणी द्यावी आणि नवे आकडे जुन्या प्रमाणपत्राशी ताडून पाहावेत.