बाळंतिणीचे मन : ओळखावयाच्या काही खुणा

गर्भवतीच्या मनाविषयी आपली परंपरा मोठी उदार आहे. ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’पासून आला. सुश्रुतसंहितेत गर्भिणीला ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, म्हटले आहे आणि तिच्या इच्छेचा अवमान करू नये असे बजावले आहे. मूल जन्माला आले की मात्र आपला शब्दसंग्रह एकदम देहाकडे वळतो : शेक, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सव्वा महिना. मनाच्या वाट्याला येते ती एक आज्ञा, ‘आता आनंदात राहा’. मराठीच्या अध्यापकाने वैद्यकाच्या प्रांतात का शिरावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर इतकेच की, प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्याचे काम पुष्कळदा शब्दांपाशीच अडते.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून अनेक स्त्रियांना अकारण रडू येते, लहानशा बोलण्याने मन दुखावते. शरीरातील अंतःस्रावांची पातळी एकाएकी उतरते, झोप मोडलेली असते. त्यामुळे हे घडते आणि बहुधा दहा-पंधरा दिवसांत आपोआप ओसरते. तेथे विश्रांती व धीराचे दोन शब्द पुरतात. परंतु ही अवस्था दोन आठवड्यांपलीकडे टिकली, किंवा महिन्या-दोन महिन्यांनी नव्याने सुरू झाली, तर तो स्वभाव नव्हे, लाडावलेपण नव्हे. तो आजार होय. वर्षभरात तो केव्हाही डोके वर काढू शकतो.

त्याच्या खुणा कोणत्या? थकवा ही फारशी उपयोगाची खूण नव्हे, कारण थकत नाही अशी बाळंतीण कोठे आहे? झोपेचेच पाहा. बाळ रडते म्हणून आई जागते, हे स्वाभाविक. पण बाळ गाढ झोपले असताना, कूस बदलायला सवड असतानाही तिचा डोळा लागत नसेल, तर घरच्यांनी सावध व्हावे. पूर्वी ज्यात रस होता त्यात तो उरत नाही. बाळाकडे पाहून काहीच वाटत नाही, किंवा उलट बाळाला काही होईल या धास्तीने ती त्याला क्षणभर खाली ठेवत नाही. प्रत्येक गोष्टीचा दोष स्वतःकडे घेणे, ‘मी आई होण्याच्या लायकीची नाही’ असे म्हणणे, चिडचिड, अन्नावरची वासना उडणे, आणि शेवटी ‘मी नसते तर बरे’ हा विचार. एडिंबरो येथे जॉन कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दहा प्रश्नांची जी प्रश्नावली सिद्ध केली, तीत गेल्या सात दिवसांतील मनःस्थिती विचारतात. शरीराच्या तक्रारी मुद्दाम वगळल्या आहेत. अखेरचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी आहे. असे विचारल्याने तो विचार मनात भरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने बहुधा सुटकाच होते.

आपल्याकडे हे दुखणे ‘पाश्चात्त्यांचे’ मानले जाते. गोव्यात विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज व नंदिता डिसोझा यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहिलेल्या मातांपैकी २३ टक्के स्त्रियांत नैराश्य आढळले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव, मारहाण ही कारणे दिसलीच. शिवाय मुलगी झाल्याचे दुःखही त्यांत होते. ते दुःख आईच्या मनात कोण पेरतो, हे मी येथे सांगावयाची आवश्यकता नाही. आईचे दुखणे बाळालाही भोवते : त्याच मालिकेतील पुढच्या अभ्यासात अशा मातांच्या बाळांचे वजन सहा महिन्यांच्या वयाला कमी भरले.

आता आपल्या सुरतेकडे येतो. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे यंत्रमागांवर राबतात. पहिले बाळंतपण माहेरी, जळगाव-धुळ्याकडे होते. सव्वा महिना किंवा थोडा अधिक काळ लोटला की लेकराला घेऊन सून भुसावळ-सुरत मार्गावरच्या गाडीने परत येते. म्हणजे आई, मावशी, शेगडी, सारे मागे राहते ते नेमके त्या आठवड्यांत, ज्यांत गोव्यातील संशोधकांना हा आजार आढळला. इकडे एक खोली, नवऱ्याची बारा तासांची पाळी, दिवसभर मागांचा खडखडाट. तिने दवाखाना गाठला तरी बोलावे कोणत्या भाषेत? घरात अहिराणी, दवाखान्यात गुजराती वा हिंदी. ‘जीव घाबरा होतो’, ‘कशात जीव रमत नाही’, ‘डोके भणभणते’ या तिच्या वाक्यांतून अशक्तपणाची बाटली तेवढी हाती पडते. गुजरातीत यासाठी ‘मूंझारो’ असा फार नेमका शब्द आहे; तो तिला कोणी शिकविलेला नसतो. (रक्तक्षय व थायरॉइड यांची तपासणी करावीच, त्यांनीही मन खचते.)

एक अवस्था मात्र वेगळी आणि तातडीची. हजारात एक-दोन स्त्रियांना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, भ्रम होतात : नसलेले आवाज ऐकू येतात, बाळाविषयी विचित्र संशय येतात, झोपच नाहीशी होते, बोलणे असंबद्ध होते. याला ‘बाहेरची बाधा’ समजून अंगारा लावीत बसणे म्हणजे दोन जिवांशी खेळणे. तिला व बाळाला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

एरवीच्या नैराश्याला समुपदेशनाने पुष्कळ उतार पडतो. गोव्यात तर शेजारपाजारच्या, स्वतः आई असलेल्या सामान्य स्त्रियांना शिकवून त्यांच्याकडून असे साहाय्य दिले गेले. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध लागल्यास स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी औषधे आहेत. ती मनोविकारतज्ज्ञानेच ठरवावीत, आणि बरे वाटताच घरच्यांनी ती परस्पर बंद करू नयेत. सुरतेत नवीन सिव्हिल रुग्णालय आणि महापालिकेचे स्मीमेर या दोन्ही ठिकाणी मनोविकार विभाग आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही केंद्र शासनाची निःशुल्क दूरध्वनी सेवा चालते. बरोबर जाणाऱ्या नणंदेने किंवा सासूने एवढे करावे : तिचे वाक्य आपल्या शब्दांत न बदलता, ती जसे म्हणते तसेच डॉक्टरांना सांगावे, आणि थोडा वेळ बाळाला घेऊन खोलीबाहेर बसावे.