उसातला बिबट्या आणि कोपीतले कुटुंब

आमच्या कामाची माहिती देण्यासाठी मंडळ्यांमध्ये जातो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : बिबटे जंगल सोडून गावात का येतात, आणि वनखाते त्यांना पकडून लांबच्या जंगलात का सोडत नाही? प्रश्न काळजीपोटी असतो. पण त्यामागे अशी समजूत असते की उसातला बिबट्या हा वाट चुकलेला पाहुणा आहे. तसे नाही. आणि हे नीट समजून घेण्यावर वाडीतल्या लेकरांची सुरक्षितता अवलंबून आहे.

जुन्नर-आंबेगावात कुकडी प्रकल्पाची धरणे झाली. माणिकडोह, येडगाव, डिंभे ही त्यांतली काही. तिकडे अकोले-संगमनेरच्या बाजूला प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ पासून आहे. कालव्याचे पाणी पोहोचले तिथे ऊस उभा राहिला. ऊस बारा ते अठरा महिने शेतात असतो. तो उंच, दाट आणि गार. आत सहसा कोणी शिरत नाही. शेजारी पाणी, वस्तीवर कुत्री, डुकरे, कोंबड्या. बिबट्याला आडोसा, पाणी आणि भक्ष्य लागते. तिन्ही त्याला आपणच एका जागी आणून दिले. आज उसात फिरणारे कितीतरी बिबटे उसातच जन्मलेले आहेत. त्यांना 'परत' पाठवायचे ते जंगल त्यांनी पाहिलेलेच नाही.

वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या शेतीपट्ट्यात स्वयंचलित कॅमेरे लावून अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहतात अशा त्या भागात, १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ मोठे बिबटे आढळले. काही बिबट्यांच्या गळ्यात पट्टे बसवून त्यांच्या हालचालीही पाहण्यात आल्या. दिवसा ते पिकात दडून राहत आणि माणसे झोपल्यावर घरांच्या अगदी जवळून जात. माणसाच्या वेळा टाळून आपले वेळापत्रक बसवायला तो शिकला आहे.

त्याचे खाणेही बदलले आहे. याच भागातील विष्ठेच्या तपासणीत, वजनाच्या हिशेबाने, ८७ टक्के भक्ष्य पाळीव जनावरांचे निघाले. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच होता. शेळ्या रात्री कोंडल्या जातात, कुत्री मोकळी फिरतात, हे त्याचे कारण असावे. मला या आकड्यांत मोठा धडा दिसतो. जे सहज हाती लागते तेच बिबट्या उचलतो. म्हणजे एक बंद दारही पुष्कळ काम करते.

मग पकडून लांब सोडले तर? जुन्नर भागात २००१ पासून हा उपाय मोठ्या प्रमाणावर झाला. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. नंतर ती सरासरी १७ वर गेली. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो, भटकतो, आपल्या जागेकडे परत निघतो. टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक नर २००९ मध्ये माळशेज घाटात सोडला, तो चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. अभ्यासकांनी त्याला 'आजोबा' नाव दिले. शिवाय एक बिबट्या हलवला की त्याची रिकामी जागा दुसरा घेतो. माणसावर हल्ले करू लागलेला बिबट्या पकडावाच लागतो, त्याबद्दल दुमत नाही. पण दिसला म्हणून पकडणे हा उपाय नव्हे.

अलीकडच्या वर्षांत जुन्नर-शिरूर भागात माणसांचे, विशेषतः लहान मुलांचे, बळी गेले आहेत. ते दुःख आकड्यांनी हलके होत नाही. यात सर्वांत उघड्यावर कोण असते? तोडणी सुरू झाली की फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या पडतात. कोपीला दार नसते, दिवा नसतो, संडास नसतो. आई-बाप पहाटे कोयता घेऊन फडात जातात, लेकरे बांधावर राहतात. त्याच सुमारास ऊस कमी होत जातो, बिबट्याचा आडोसा जातो आणि फडात पिल्ले सापडतात. ठाकर आणि कातकरी वाड्यांवरही अंधारात उघड्यावर जाणाऱ्या बायाबापड्यांची अवस्था वेगळी नाही. खाली बसलेले माणूस बिबट्याला लहान जनावरासारखे दिसू शकते.

म्हणून वाडीवर आणि फडावर आम्ही साध्या गोष्टी सांगतो. अंधार पडल्यावर मूल एकटे सोडू नये. संध्याकाळी बाहेर जाताना दोघींनी मिळून, बॅटरी घेऊन, मोठ्याने बोलत जावे. शेळ्यांना वरूनही बंद असा गोठा असावा. खरकटे आणि कोंबड्यांची घाण घराजवळ टाकू नये. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. पिल्ले दिसली तर उचलू नयेत, काम थांबवून वनखात्याला कळवावे. पिल्ले सापडली त्याच जागी सुरक्षित ठेवली तर बहुतेकदा आई रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. पिल्ले हरवलेली मादी मात्र त्या फडाभोवती घिरट्या घालते.

बिबट्याने आपल्या बदलांशी जुळवून घेतले आहे. वाडीतल्या माणसाला जुळवून घ्यायचे तर त्याला दार, दिवा आणि संडास हवा. बिबट्या नसता तरीही या तीन गोष्टी त्याच्या हक्काच्याच होत्या.