प्रथिनं काचेवर टिकतात कशी?

मायक्रोअ‍ॅरेच्या काचपट्टीवर हजारो प्रथिनांचे सूक्ष्म ठिपके असतात. पट्टी वारंवार धुतली तरी ते हलत नाहीत. काचेवर आधी अल्डिहाइडचा थर चढवतात, आणि प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाचे अमाइन गट त्याला रासायनिक बंधाने जखडले जातात. पण लायसिन अंगभर विखुरलेली, त्यामुळे प्रथिन कोणत्याही कुशीवर चिकटतं. खरी अडचण इथेच: दुसरा रेणू जिथे जुळतो तो भागच काचेकडे दबू शकतो. कुलपाचं भोकच भिंतीकडे गेलं, तर किल्ली लावायची कुठे? म्हणून येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ मध्ये यीस्टच्या सुमारे ५,८०० प्रथिनांना टोकाशी हिस्टिडिनची शेपटी जोडली. ही शेपटी निकेल लावलेल्या काचेला धरते. बाकी प्रथिन मोकळं. ठिपका वाळून घडी मोडू नये म्हणून द्रावणात ग्लिसरॉल घालतात. रिकामी जागा गाईच्या अल्ब्युमिनने बुजवतात, नाहीतर चाचणीसाठी पट्टीवर सोडलेला, चमकरंग लावलेला रेणू काचेलाच चिकटून भलतीकडेच उजेड दाखवतो.