एकच खेळ, मोल मात्र निराळे

नागपूर - बेसा परिसरापासून जवळच असलेल्या जामठा येथील स्टेडियमवर २ मार्च २०२५ रोजी विदर्भाने केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर तिसऱ्यांदा रणजी करंडक पटकावला. त्या हंगामात विदर्भाचा डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबे याने ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम केला. एवढ्या पराक्रमाचे आर्थिक मोल किती?

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०२१ मध्ये ठरविलेल्या दरांनुसार रणजीतील मानधन दिवसावर मोजले जाते. २० पर्यंत सामने खेळलेल्यास दिवसाला ४० हजार, २१ ते ४० सामने खेळलेल्यास ५० हजार आणि त्याहून अनुभवी खेळाडूस ६० हजार रुपये. राखीव खेळाडूस याच्या निम्मे. येथे फलंदाज व गोलंदाज असा भेद नाही. मोल अनुभवाचे आहे. अंतिम फेरी गाठणाऱ्या संघाच्या वाट्याला त्या हंगामात ४३ दिवसांचा खेळ आला. म्हणजे सर्व सामने खेळलेल्या नवोदिताचे मानधन फार तर १७ लाख २० हजार रुपये होते.

आयपीएलचे गणित अगदी वेगळे आहे. २०२५ च्या हंगामापासून तेथे लिलावातील रकमेखेरीज प्रत्येक सामन्यामागे साडेसात लाख रुपये मिळू लागले. नवोदिताला चार दिवसांच्या रणजी सामन्यात मिळतात १ लाख ६० हजार. हर्षला त्या हंगामात सनरायझर्स हैदराबादने बदली खेळाडू म्हणून ३० लाखांना घेतले. त्याच हंगामासाठी अमरावतीचा जितेश शर्मा याच्यावर बंगळूरने ११ कोटींची बोली लावली.

या तफावतीचे कारण भूमिकेत आहे. अकरा जणांत चारच परदेशी खेळाडू चालत असल्याने अखेरच्या षटकांत फटकेबाजी करणारा भारतीय यष्टिरक्षक दुर्मिळ ठरतो. त्याच लिलावात यष्टिरक्षक-फलंदाज ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले. गोलंदाजांची बोली मात्र १८ कोटींवर थांबली. अर्थात हे मोल स्थिर नसते. खापरखेड्याच्या उमेश यादवला २०२४ साठी ५ कोटी ८० लाख मिळाले होते. पुढच्याच लिलावात कोणीही त्याला घेतले नाही.

महिला क्रिकेटमध्ये दरी आणखी रुंद आहे. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात प्रत्येक संघाला १२ कोटी रुपये खर्चता आले. त्या वर्षी पुरुषांच्या संघांची मर्यादा ९५ कोटी होती. सर्वाधिक बोलीची मानकरी स्मृती मानधना ३ कोटी ४० लाखांवर राहिली.

तात्पर्य, लिलावातील आकडा हा गुणवत्तेचा दाखला नव्हे. कोणत्या स्पर्धेत कोणती भूमिका दुर्मिळ आहे, एवढेच तो सांगतो. मुलाच्या हाती बॅट द्यावी की चेंडू, हा विचार करणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.