घरची शाळा : वस्तीवर आणि कोपीत

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्याकडे ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. बीडकडून, पाथर्डीकडून कोयते येतात आणि त्यांच्याबरोबर लहान पोरंही येतात. चार-पाच महिने ती गावच्या शाळेपासून तुटतात. दिवाळीपर्यंत अक्षरं जुळवू लागलेलं पोर उन्हाळ्यात परत जातं तेव्हा बरंच विसरलेलं असतं. मग ते मागच्या रांगेत बसतं आणि हळूहळू शाळाच सुटते. मळ्यातल्या वस्तीवर, शाळेपासून लांब राहणाऱ्या आपल्या सभासदांच्या मुलांचाही अभ्यास पावसापाण्यात खंडतो. म्हणून तीन ते आठ वर्षांच्या मुलांना घरच्या घरी काय आणि कसे शिकवावे, याचा थोडा विचार येथे करू.

पहिला प्रश्न साहित्याचा. बाजारात रंगीत तक्ते आणि खेळणी पुष्कळ मिळतात. विकत घेण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. मुलाच्या हाताला त्यात काम आहे काय? वस्तू त्याच्या ओळखीची आहे काय? हरवली तर उद्या दुसरी मिळेल काय? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तरच पैसे खर्चावेत.

ही कसोटी काही नवी नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी पाने, बिया, शंख-शिंपल्यांतून साधने केली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. मूल जिथे आहे तिथे शिक्षणाने जायचे, हा त्यातला धडा.

आता आपल्याकडचे पाहू. मोजायला चिंचोके घ्यावेत. मात्र अगदी लहान मुलाच्या हाती देऊ नयेत, ते नाकातोंडात जातात. दहा काड्या दोरीने बांधल्या की एक मोळी झाली. दोन मोळ्या आणि तीन सुट्या काड्या म्हणजे 23. टोळीतल्या पोराला मोळी सांगावी लागत नाही. त्याला दशक-एकक लगेच उमगते.

वाचनाची सुरुवात ओळखीच्या शब्दांनी करावी. मुलाचे स्वतःचे नाव, मग आई, ऊस, बैल. ताटात माती पसरून बोटाने अक्षर गिरवावे, मग पाटीवर यावे. मूल जे बोलेल ते मोठ्याने लिहून घ्यावे आणि त्यालाच वाचून दाखवावे. हेच त्याचे पहिले पुस्तक. बंजारा कुटुंबात गोरमाटी बोलतात. त्या मुलाला आधी त्याच्या बोलीतच बोलू द्यावे, मराठी मागाहून येते.

वेळ किती द्यायचा? रोज अर्धा तास पुरे, पण खाडा नको. आईबाप अडाणी असले तरी अडत नाही. गोष्ट सांगणे, ओवी म्हणणे, ‘आज काय पाहिलंस?’ असे विचारणे हेही शिकवणेच आहे. थोरली बहीण वाचू शकत असेल तर तिने धाकट्याला वाचून दाखवावे; पण त्यापायी तिची स्वतःची शाळा बुडू देऊ नये.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. घरची शाळा ही खऱ्या शाळेच्या जागी नव्हे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे आणि तो स्थलांतरित मुलालाही आहे. गाव सोडताना मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्यावे, म्हणजे इथल्या शाळेत बसता येते. सहा वर्षांखालच्यांना जवळच्या अंगणवाडीत धाडावे.

सभासद बंधू-भगिनींनो, आपल्या शेतात टोळी उतरली की आपण ऊस किती टन भरला हे विचारतो. त्याच वेळी कोपीत शाळेच्या वयाची पोरं किती, हेही विचारावे. एक पाटी, पेन्सिलीची पेटी आणि आपल्या मुलाचे मागच्या वर्षीचे पुस्तक दिले तर आपले काही कमी होत नाही. मुकादमाला सांगून त्यांना गावच्या शाळेची वाट दाखवावी. त्यांच्या आईबापांच्या कोयत्यावर आपला हंगाम उभा आहे. तोच कोयता पोरांच्या हाती जाऊ नये, एवढे पाहणे आपल्या सर्वांचे काम आहे.