प्रयोगशाळेची रोजकीर्द

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भिवंडीच्या बाजारपेठेत काही दुकानांत अजूनही वह्यांची पूजा होते. हिशेब केव्हाच संगणकावर गेले, तरी लाल बांधणीची एखादी वही पाटावर मांडतात, तिच्यावर स्वस्तिक काढतात, हळदकुंकू वाहतात. माझे वडील एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायचे. त्यांच्यामुळे लहानपणीच दोन शब्द कानावर पडले, रोजकीर्द आणि खतावणी. व्यवहार ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने, त्याच दिवशी लिहायचा तो रोजकीर्दीत. मग सवडीने ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवायचा तो खतावणीत. खतावणी कितीही सुबक असली तरी तंटा उभा राहिला की आधी रोजकीर्द उघडतात, असं ते सांगायचे.

पुढे मी रसायनशास्त्र घेतलं आणि तिथे उलटीच रीत पाहिली. प्रयोगाच्या तासाला आकडे चिठ्ठीवर, तळहातावर, मिळेल तिथे लिहायचे आणि सत्र संपत आलं की फेअर जर्नल सजवून सहीला न्यायचं. कित्येकदा आधी उत्तर ठरायचं आणि ब्युरेटचे आकडे त्याच्या मागून यायचे. खतावणी सुंदर, रोजकीर्दीचा पत्ता नाही. ही सवय घेऊनच मी भिवंडीतल्या एका कापडरंगाईच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले.

ग्राहकाने दिलेल्या नमुन्याची शेड कापडाच्या लहान तुकड्यावर जुळवणं हे माझं काम. त्या तुकड्याला लॅब डिप म्हणतात. तो मान्य झाला की त्याची रेसिपी जिगर मशीनवर जायची. रंगाचं वजन करून देणारे एक वयस्क कारागीर होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. एका मे महिन्यात सुती कापडाचा मरून लॉट मंद उतरला, अंगावर बारीक ठिपके दिसत होते. माल परत आला. वजनात चूक झाली असं कार्यालयात ठरलं आणि चाचांच्या पगारातून रक्कम कापली गेली. पुढच्या महिन्यात ते गावी निघून गेले.

पावसाळ्यात जलवाहिनी फुटली आणि कारखान्यात टँकरचं पाणी आलं. पुन्हा तसाच मंद लॉट, तसेच ठिपके. या वेळी मी पाणी तपासलं. ते नेहमीच्या पाण्यापेक्षा कितीतरी दुष्फेन होतं. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग पक्का बसावा म्हणून रंगाच्या पाण्यात सोडा ॲश घालतात. पाण्यात कॅल्शियम जास्त असलं तर त्याचा कार्बोनेट साका होऊन कापडावर बसतो, काही रंगांचे कणही गोळा होतात, आणि शेड मारली जाते. तेव्हा मला आठवलं, मे महिन्यातही त्या दिवशी टँकरच आला होता. नमुना धुताना साबणाला फेस येत नाही, हेही मला जाणवलं होतं.

मी मालकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मॅडम, त्या दिवशी टँकर होता हे कुठे लिहिलंय?”

माझ्या फेअर वहीत पाण्यापुढे लिहिलं होतं, “ठीक”. ती वही मी संध्याकाळी चिठ्ठ्यांवरून उतरवत असे आणि चिठ्ठ्या टाकून देत असे. मालकांचा प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नोंदवहीवर एका माणसाची अब्रू कशी अवलंबून राहते याचं मोठं उदाहरण भिवंडीपासून फार लांब नाही, परळला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना ही लस टोचली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. या एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. बाटलीचा क्रमांक ५३ एन. ती ४१ दिवस आधी परळला भरलेली होती.

चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. लस तयार करण्याच्या रीतीत हाफकिन यांनी बदल करून कार्बोलिक ॲसिड वगळलं होतं, तेही त्यांच्या विरोधात गेलं. त्यांना पदावरून दूर व्हावं लागलं. पण चौकशीच्याच कागदांत एक साक्ष होती. मुल्कोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकमध्ये बुडवून वापरला गेला होता. मलेरिया आणि डास यांचा संबंध १८९७ मध्ये सिकंदराबादेत दाखवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी हे कागद पुन्हा वाचले. जंतू परळलाच शिरले असते तर इतक्या दिवसांत ते वाढून लशीला घाण वास यायला हवा होता, आणि बाटली उघडताना तसा वास आला नव्हता, हा त्यांचा एक मुद्दा होता. १९०७ मध्ये त्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षाअखेर सरकारने त्यांना दोषमुक्त केलं.

बाटलीवर क्रमांक नसता, ती भरल्याची तारीख नसती, चिमट्याची साक्ष कोणी टिपून घेतली नसती, तर “लशीने माणसं मेली” एवढंच वाक्य मागे राहिलं असतं. नोंदी असूनही न्याय मिळायला पाच वर्षं लागली हेही खरं. नोंद नसती तर पाच वर्षांनी तरी काय वाचलं असतं?

मग नोंद करायची कशी? आता मी महाविद्यालयात शिकवते, तिथे मुलांना दोन नमुने फळ्यावर लिहून दाखवते. पहिला, “पाणी तपासले. ठीक.” दुसरा असा:

“सकाळी १०.४०. टँकरचे पाणी, जिगर क्र. ३ च्या टाकीतून. नमुना ५० मिली. ईडीटीए ०.०१ मोलार, बाटली क्र. ७, कालच तयार केलेले. ब्युरेट ०.० ते २१.४, दुसऱ्यांदा ०.० ते २१.५. रंग लालवरून निळा. दुष्फेनता लिटरला ४२९ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेट धरून. साबणाला फेस कमी. शंका: शेड मंद होण्याचे कारण हेच असावे.”

दुसरी नोंद लिहायला दोन मिनिटं जास्त लागतात. तिच्यातला आकडा कोणालाही पुन्हा काढून बघता येतो, कारण ब्युरेटचे मूळ आकडे तिथेच आहेत. डोळ्यांनी पाहिलेलं आणि मनाला वाटलेलं वेगळं ठेवलं आहे. उद्या शंका खोटी ठरली तरी निरीक्षण खोटं ठरत नाही. कोणत्या बाटलीतलं द्रावण, तेही कळतं. ते द्रावणच चुकीचं निघालं तर त्याच बाटलीतून केलेले बाकीचे प्रयोग शोधता येतात, ५३ एन शोधता आली तसे.

बाकीचे नियम माझ्या वडिलांनाही पटले असते. वही बांधीव हवी, सुट्या कागदांची नको. पानांना आधीच क्रमांक घालावेत आणि एकही पान फाडू नये. पेनाने लिहावं. चुकलं तर एकच रेघ मारावी, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी योग्य आकडा, कारण, सही आणि तारीख. वजनकाट्याची छापील चिठ्ठी पानावर चिकटवून तिच्या कडेवरून सही करावी. रिकामी जागा तिरक्या रेघेने बंद करावी, म्हणजे मागाहून काही घुसवता येत नाही. संगणकावर नोंद ठेवली तरी नियम बदलत नाहीत: कोणी लिहिलं, केव्हा लिहिलं, आणि बदललं असेल तर आधी काय होतं, हे दिसलंच पाहिजे.

फसलेला प्रयोगही लिहायचा, हा नियम मुलांना सगळ्यात जड जातो. इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजणाऱ्या रॉबर्ट मिलिकन यांनी १९१३ च्या निबंधात तेलाच्या ५८ थेंबांचे आकडे दिले आणि तेवढेच थेंब मोजल्याचा समज होईल असं लिहिलं. त्यांच्या वह्यांत थेंब त्याहून कितीतरी जास्त निघाले. त्यांनी गाळलेले थेंब योग्य कारणाने गाळले की नाही, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. तो वाद पुराव्यानिशी घालता येतो, कारण नको असलेले थेंबही मिलिकन यांनी वहीत राहू दिले होते.

दर वर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाला मी मुलांच्या कच्च्या वहीवर, तिथल्या तिथे, तास संपण्याआधी सही करते. अक्षर वाईट असलं, पानावर आम्लाचा डाग असला तरी चालतं. त्याआधी माझी कारखान्यातली जुनी फेअर वही वर्गात फिरवते. त्या मे महिन्याच्या पानावर लॉट नंबर आहे, सुवाच्य रेसिपी आहे, ग्रॅमपर्यंत वजनं आहेत. चाचांनी दिलेली ती वजनं बरोबर होती. शेवटच्या ओळीत, पाण्यापुढे, माझ्या अक्षरात “ठीक” लिहिलेलं आहे.