पडद्यावरचा क्रमांक हा पुरावा नव्हे

दुपारची बैठक सुरू असताना फोन वाजतो. पडद्यावर वॉशिंग्टनमधील भारतीय दूतावासाचा क्रमांक दिसतो. पलीकडचा आवाज सौम्य, पण अधिकाराचा असतो. पासपोर्टच्या अर्जात त्रुटी आढळली आहे, ती आजच दुरुस्त झाली नाही तर प्रकरण इमिग्रेशन खात्याकडे जाईल आणि दुरुस्तीचे शुल्क तत्काळ भरावे लागेल, असे तो सांगतो. ऐकणारा सुशिक्षित असतो, सावधही असतो. तो लॅपटॉपवर दूतावासाचे संकेतस्थळ उघडून क्रमांक ताडून पाहतो. क्रमांक तंतोतंत जुळतो आणि नेमकी तिथेच त्याची शंका मावळते.

हा प्रसंग नमुन्यादाखल असला तरी असे फोन प्रत्यक्षात येत आले आहेत. दूतावासाच्या क्रमांकांचा मुखवटा लावून काही भामटे फोन करतात, क्रेडिट कार्डाचा तपशील मागतात किंवा पासपोर्ट, व्हिसा आणि इमिग्रेशनच्या अर्जांतील कथित चुका दाखवून पैसे उकळतात, असा जाहीर इशारा भारतीय दूतावासाने मार्च २०१८ मध्ये दिला होता. पैसे न दिल्यास देशाबाहेर काढण्याची किंवा तुरुंगाची धमकीही दिली जात असे. या फोनांतला क्रमांक खरा होता. खोटा होता तो फोन करणारा.

प्रेषकाचे नाव कोण लिहितो?

पाकिटावर प्रेषक म्हणून कोणाचे नाव घालायचे, हे पत्र पाठवणारा ठरवतो. टपाल खाते ते नाव तपासत बसत नाही. फोनच्या पडद्यावर उमटणाऱ्या क्रमांकाची स्थिती बरीचशी अशीच आहे.

जुन्या व्यवस्थेत तार ज्या घरी जाई, त्या घराचा क्रमांक एक्स्चेंजला ठाऊक असे. पुढे मोठ्या कार्यालयांनी आपापली अंतर्गत एक्स्चेंजे बसवली. शेकडो टेबलांवरून होणारे फोन बाहेर एकाच मुख्य क्रमांकाने दिसावेत, यासाठी कोणता क्रमांक दाखवायचा हे कळवण्याची मुभा कार्यालयांना मिळाली. इंटरनेटवरून फोन करणे स्वस्त झाले, तशी ही मुभा कोणाच्याही हाती आली. कॉल जोडणाऱ्या संदेशात ‘कॉल करणारा’ असा एक रकाना असतो. त्यात जो क्रमांक भरावा, तोच पुढे पोचतो. यालाच स्पूफिंग म्हणतात.

या सोयीचे प्रामाणिक उपयोगही आहेत. घरून रुग्णाला फोन करणाऱ्या डॉक्टरला आपल्या खासगी क्रमांकाऐवजी दवाखान्याचा क्रमांक दाखवावासा वाटतो, त्यात गैर काही नाही. म्हणूनच अमेरिकेत क्रमांक बदलून दाखवणे हा मुळात गुन्हा नाही. ‘ट्रुथ इन कॉलर आयडी’ या कायद्याने मनाई केली ती फसवणुकीच्या, अपाय करण्याच्या किंवा मौल्यवान काही गैरमार्गाने मिळवण्याच्या हेतूने केलेल्या बदलाला. अशा प्रत्येक उल्लंघनासाठी १० हजार डॉलरपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

शेजारच्या भागातला वाटावा असा क्रमांक दाखवणे ही याच युक्तीची दुसरी तऱ्हा. आपल्याच एरिया कोडचा फोन म्हणजे मुलांची शाळा किंवा औषधांचे दुकान असेल, या समजुतीने तो उचलला जातो. ज्याचा क्रमांक असा वापरला गेला, त्या निरपराध माणसाला मात्र अनोळखी लोकांचे संतापलेले फोन येऊ लागतात. असा फोन आला, तर आपल्या क्रमांकाचा गैरवापर झाल्याचे शांतपणे सांगावे. समोरचा खोटे बोलत नसतो आणि आपणही काही केलेले नसते.

स्वाक्षरी आणि तिच्या मर्यादा

२००३ मध्ये सुरू झालेल्या ‘डू नॉट कॉल’ नोंदवहीत क्रमांक नोंदवला की विक्रीचे फोन थांबतील, अशी अनेकांची अपेक्षा असते. नोंदणी विनामूल्य आहे, ती संपत नाही आणि करून ठेवावी. मात्र राजकीय प्रचार, धर्मादाय संस्था आणि सर्वेक्षणे यांचे फोन तिच्या कक्षेबाहेर आहेत. शिवाय ही नोंदवही फोन अडवत नाही. ती केवळ मनाई करते. कायदा पाळणारा विक्रेता ती पाहून थांबतो, भामटा ती पाहतच नाही. तरीही तिचा एक अप्रत्यक्ष उपयोग आहे. नोंदणीनंतरही अनोळखी कंपनीचा विक्रीचा फोन आला, तर तो संशयास्पद मानायला सबळ कारण मिळते.

तांत्रिक उपाय आला तो ‘ट्रेस्ड’ कायद्यानंतर. ३० डिसेंबर २०१९ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली आणि मोठ्या दूरध्वनी कंपन्यांना ३० जून २०२१ पर्यंत ‘स्टर-शेकन’ ही पद्धत लागू करणे बंधनकारक झाले. या पद्धतीत कॉल जिथून निघतो, ती कंपनी त्यावर डिजिटल स्वाक्षरी करते आणि जिथे तो पोचतो, ती कंपनी स्वाक्षरी पडताळते. स्वाक्षरीच्या तीन श्रेणी आहेत. ‘ए’ श्रेणी म्हणजे ग्राहक ओळखीचा आहे आणि हा क्रमांक वापरण्याचा हक्क त्याला आहे. ‘बी’ म्हणजे ग्राहक ओळखीचा आहे, पण क्रमांकाबद्दल खात्री नाही. ‘सी’ म्हणजे कॉल आपल्या दारातून आत आला एवढेच ठाऊक आहे. परदेशातून येणारे अनेक कॉल या शेवटच्या वर्गात मोडतात. काही फोनवर ‘ए’ श्रेणीच्या कॉलपुढे बरोबरची खूण दिसते.

या पद्धतीच्या मर्यादाही समजून घ्याव्या लागतात. स्वाक्षरी इंटरनेट तंत्रावर चालणाऱ्या जाळ्यांतूनच प्रवास करते. वाटेत जुन्या धाटणीचे यंत्र आले की ती गळून पडते. दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची आहे. भामट्याने रीतसर पैसे भरून क्रमांक घेतला, तर त्याच्या कॉललाही ‘ए’ श्रेणी मिळू शकते. बरोबरची खूण क्रमांकाची ग्वाही देते, माणसाच्या हेतूची नाही.

मीरा रोडचा धडा

हे फोन कोण करते, याचे एक उत्तर मराठी वाचकाला अस्वस्थ करणारे आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घालून शेकडो तरुण कर्मचाऱ्यांना ताब्यात घेतले. अमेरिकी प्राप्तिकर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून ते अमेरिकेतील लोकांना थकलेल्या कराच्या नावाखाली धमकावत, असा आरोप होता. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अहमदाबादमधील पाच कॉल सेंटरांसह ६१ व्यक्ती आणि संस्थांवरील आरोपपत्र उघड केले. प्राप्तिकर आणि इमिग्रेशन अशा दोन्ही खात्यांची सोंगे त्यात होती. जुलै २०१८ मध्ये या प्रकरणात २१ जणांना शिक्षा झाल्या. सर्वांत मोठी शिक्षा २० वर्षांची होती.

या धंद्याचे भांडवल यंत्रांपेक्षा भीतीत आहे. ज्याचे इथले वास्तव्य व्हिसाच्या एका कागदावर उभे आहे, त्याला ‘हद्दपारी’ हा शब्द जसा भेदतो, तसा इथे जन्मलेल्याला भेदत नाही. अशा फोनला बळी पडणारा मूर्ख असतो, ही समजूत त्यामुळेच चुकीची आणि घातक आहे. याच समजुतीच्या लाजेने अनेक जण तक्रार न करता गप्प राहतात.

फोन ठेवावा, मग आपण करावा

स्पूफिंग एकाच दिशेने चालते. येणाऱ्या फोनवर कोणाचेही नाव चिकटवता येते. पण आपण स्वतः दूतावासाचा क्रमांक फिरवला, तर तो फोन दूतावासातच लागतो. म्हणून क्रमांक ताडून पाहण्याऐवजी फोन ठेवावा आणि आपण उलट फोन करावा. त्यासाठीचा क्रमांक समोरच्याने दिलेला नसावा. तो कार्डाच्या मागच्या बाजूवरून, जुन्या पत्रावरून किंवा अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. खरा अधिकारी यामुळे रागावत नाही. ‘फोन ठेवू नका’ असा आग्रह धरणाऱ्याने आपली ओळख आपणच दिलेली असते.

काही गोष्टी ध्यानात ठेवल्या, तर फोनवर बोलत असतानाही निर्णय सोपा होतो. प्राप्तिकर खाते सहसा पहिला संपर्क टपालाने साधते. इमिग्रेशन सेवा फोनवर पैसे मागत नाही. कोणतेही सरकारी खाते भेटकार्डांवरचे आकडे वाचून दाखवायला सांगत नाही. फोनवर आलेला सांकेतिक आकडा कोणालाही सांगायचा नसतो, मग समोरचा बँकेचा म्हणवणारा का असेना.

पैसे गेलेच, तर पहिला फोन बँकेला किंवा कार्ड कंपनीला करावा. त्यानंतर फेडरल ट्रेड कमिशन आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे ऑनलाइन नोंद करावी. सोशल सिक्युरिटी क्रमांक सांगितला गेला असेल, तर इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही संस्थांकडे आपली पतनोंद गोठवावी. २०१८ पासून ही सोय देशभर विनामूल्य आहे.

आईवडिलांचा फोन

हीच भीती आता उलट दिशेनेही वापरली जाते. ‘तुमच्या मुलाला अमेरिकेत अटक झाली आहे’ असे वाक्य पुण्यात किंवा नाशिकमध्ये एकट्या राहणाऱ्या आईवडिलांना हादरवायला पुरते. परदेशातून येताना भारतीय क्रमांकाचा मुखवटा घालणारे कॉल रोखणारी यंत्रणा भारत सरकारने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू केली. तिने पहिल्या २४ तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले. यंत्रणा उपयुक्त आहे. पण परदेशी क्रमांक उघडपणे दाखवून येणारा कॉल तिच्या कामाचा विषय नाही.

ज्या घरातली मुले परदेशात आहेत, तिथे परदेशी क्रमांकावरून आलेला फोन उचलला जाणारच. त्यामुळे पुढच्या रविवारच्या गप्पांत तीन गोष्टी सांगून ठेवाव्यात. ‘डिजिटल अटक’ असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच कळवायचे असते. आणि मुलाच्या नावाने, अगदी मुलाच्या आवाजातही संकटाचा फोन आला, तर तो ठेवून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन करायचा; रात्र कितीही झाली असली तरी. आवाजाची नक्कल आता यंत्रे करतात. म्हणून घरातल्यांनाच उत्तर ठाऊक असेल, असा एखादा प्रश्नही ठरवून ठेवावा. तो कागदावर किंवा फोनमध्ये लिहू नये. दोन्हीकडे तो पाठ असला की पुरे.